उपाशीपोटी म्हणजे किती वाजता?

‘आज उपाशीपोटीची शुगर किती?’ मोबाइलवर रोज सकाळी आठला येणारा हा प्रश्न साधा वाटतो. वर्षाचे अकरा महिने तो साधाच असतो. रमजानमध्ये मात्र सकाळी आठला आपल्या घरातली शुगरची पेशंट उपाशीपोटी नसते. पहाटे साडेपाचच्या आत तिची सहेरी झालेली असते, चपाती-खिमा किंवा दूध-शेवया पोटात गेलेल्या असतात. अशा वेळी मशीनवर १८० आले, तर ते जेवणानंतर अडीच तासांचे १८० आहेत. चॅटबॉट ते उपाशीपोटीचे समजतो आणि लाल अक्षरांत सांगतो की शुगर जास्त आहे, डॉक्टरांना भेटा. संध्याकाळी पाचला, रोजाच्या बाराव्या तासाला, पोट खरोखर रिकामे असते आणि धोका उलट्या बाजूचा असतो. तेव्हा तो गप्प असतो. दुपारी दोनला त्याने विचारलेले असते, ‘गोळी घेतली का?’ तिने तीस दिवस ‘नाही’ हे बटण दाबलेले असते. महिनाअखेरच्या अहवालात ओळ येते, ‘पेशंट औषध नियमित घेत नाही.’

खरे तर तिने एकही गोळी चुकवलेली नसते. डॉक्टरांनी तिला गोळ्या इफ्तार आणि सहेरीला घ्यायला सांगितलेल्या असतात.

गेल्या वर्षी शुगरच्या पेशंटसाठी असा चॅटबॉट बनवणाऱ्या काही तरुण मुलामुलींनी मला त्यांची मराठी वाक्ये तपासायला बोलावले होते. मनापासून काम करणारी मुले होती. वाक्येही चांगली होती, उगीच पुस्तकी नव्हती. मी रमजानचे विचारले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने वहीत टिपून घेतले आणि म्हणाला, “ताई, हे फीचर पुढच्या व्हर्जनमध्ये टाकू.” त्याचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. कोणाची गरज पहिल्या व्हर्जनमध्ये येते आणि कोणाची पुढच्या, हे कोण ठरवतो? आपल्यापैकी कितीजण त्या टेबलाशी बसलेले असतात? हे संपादकीय त्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही आणि प्रोग्रॅमरही नाही. औषधाचे जे काही आहे ते आपापल्या डॉक्टरांना विचारायचे. मी बोलणार आहे ते प्रश्नांबद्दल, म्हणजे पेशंटला काय विचारावे, कसे विचारावे आणि काय अजिबात विचारू नये याबद्दल.

आधी हे सांगायला हवे की मला ही कल्पना आवडते. आयसीएमआर-इंडियाबचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि सीमारेषेवरचे आणखी १३ कोटी ६० लाख. आपल्या मोहल्ल्यात हे आकडे सांगावे लागत नाहीत. कोणत्याही शादीत बिर्याणीच्या पंगतीत बसा, समोरच्या दोघांपैकी एकाच्या खिशात गोळीची पट्टी निघते. सरकारी दवाखान्यात डॉक्टरला एका पेशंटमागे चार मिनिटे मिळाली तरी खूप. त्या चार मिनिटांत ‘शुगर कशी आहे?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘ठीक आहे.’ तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आहे, पण सरासरी ती सरासरीच. एखाद्याची शुगर दुपारी ६० आणि रात्री २४० होत असेल, तर सरासरीत दोन्ही टोके एकमेकांत विरून जातात आणि कागदावर सगळे बरे दिसते. म्हणून रोजची नोंद लागते. पूर्वी लोक वही ठेवायचे. वही चार दिवस चालते, पाचव्या दिवशी धाकटा मुलगा त्यात विमान काढतो. फोन मात्र हातातच असतो. त्यावर कोणी रोज आपुलकीने विचारले, उत्तर लिहून ठेवले आणि दवाखान्यात जाताना एका पानावर मांडून दिले, तर ते मोठे काम आहे.

आता रमजानकडे येऊ. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजातून सवलत आहे, ती सूरह बकरामध्येच दिलेली आहे. हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. तरीही शुगरचे बहुतेक पेशंट रोजे ठेवतात. २००१ मध्ये भारतासह १३ देशांत झालेल्या ‘एपिडायर’ नावाच्या पाहणीत टाइप-२ मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के मुस्लीम पेशंटांनी त्या रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे ठेवल्याचे आढळले. शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण त्याच पेशंटांत एरवीच्या तुलनेत साडेसात पट झाले होते. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. लोक रोजा ठेवणारच आहेत, आणि त्यात जोखीम आहे. त्यांना रागावून काही होत नाही. ‘शुगर आहे तर कशाला ठेवता?’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरला पेशंट पुढच्या वेळी सांगतच नाही की रोजा आहे. चॅटबॉटलाही सांगणार नाही.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने याच विषयावर २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांचा सूर समजूतदार आहे. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. वय, औषधे, किडनीची स्थिती, आधी शुगर किती वेळा खाली गेली होती, यावरून जोखीम कमी, मध्यम की जास्त ते ठरवून घ्या. रोजाच्या दिवसातही शुगर तपासत राहा. ती ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली तर रोजा सोडा. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे अनेक घरांत माहीत नसते: बोट टोचून रक्ताचा थेंब तपासल्याने रोजा तुटत नाही. बहुतेक उलेमांचे हेच मत आहे. पण आपल्या आया, खाला या भीतीपोटी महिनाभर मशीनला हात लावत नाहीत. ज्या महिन्यात नोंद सर्वांत गरजेची, त्याच महिन्याचे पान कोरे.

चांगला चॅटबॉट इथे कामाला येतो. शाबान सुरू व्हायच्याही आधी तो म्हणू शकतो, ‘येत्या दोन महिन्यांत रोजे ठेवणार आहात का? मग डॉक्टरांची एक भेट आताच ठरवा.’ औषधाची वेळ तो स्वतः बदलणार नाही, डॉक्टरांनी बदललेली वेळ विचारून घेईल आणि आठवण त्या वेळेला करेल. ‘उपाशीपोटी’ आणि ‘जेवणानंतर’ हे त्याचे दोन खण तो बाजूला ठेवेल आणि एवढेच विचारेल, ‘शेवटचे खाणे किती वाजता झाले?’ या एका प्रश्नाने त्या १८०चा अर्थ बदलतो. (रमजानच्या तारखा एकदाच भरून ठेवायचा विचार करणाऱ्यांसाठी: महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३० मध्ये जानेवारीत एक रमजान सुरू होईल आणि डिसेंबरअखेर दुसरा. शिवाय चाँद दिसायचा असतो. ते पंचांग सर्व्हरवर ठेवता येत नाही, आदल्या रात्री विचारावेच लागते.)

भाषेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण त्या मुलांबरोबर माझा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. ‘मराठीत उपलब्ध’ असे लिहिले की काम झाले असे समजतात. आपल्या घरांत एक मराठी नसते. रत्नागिरी-रायगडकडची कोकणी मुस्लीम आजी घरातही मराठीच बोलते, पण तिची मराठी तिच्या गावची. मिरज-सोलापूरची खाला बाजारात मराठी बोलते आणि घरात दखनी. माझ्या एका खालाने बॉटला आवाजी संदेश पाठवून पाहिला. ती म्हणाली, “कल रात कू देखी तो पावणेदोनशे आई, म्हणून आज चावल नै खाई मैं.” मला त्यात काहीच अवघड वाटले नाही. तुम्हालाही वाटणार नाही. बॉटने मात्र त्यातून ‘दोनशे’ उचलले आणि तेच नोंदवून टाकले.

आकडे हा या कामाचा कणा आहे आणि आपल्या भाषांत आकडे सांगायची रीत वेगळी आहे. सव्वाशे म्हणजे १२५, दीडशे म्हणजे १५०, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीचशे म्हणजे २५०. शुगर सांगताना घरातली बाई ‘एकशे पंच्याहत्तर’ म्हणत नाही. यापेक्षा अवघड आहेत ते ‘एकोण’वाले आकडे. एकोणसत्तर म्हणजे ६९ आणि एकोणऐंशी म्हणजे ७९. बोलताना शेवटचा भाग पुसट झाला, मागे मिक्सर चालू असला, तर ऐकणारे यंत्र एकाचे दुसरे करू शकते. दखनी-उर्दूत हेच उनहत्तर आणि उनासी, आणि ५९साठी उनसठ. आता आठवा, धोक्याची रेघ ७०वर आहे. ६९ला रोजा सोडायचा असतो आणि ७९ला लक्ष ठेवून पुन्हा तपासायचे असते. सगळा फरक त्या एका अक्षरसमूहात आहे. यावर उपाय महागडा नाही. बॉटने ऐकलेला आकडा मोठ्या अंकांत पडद्यावर दाखवावा, आवाजातही सुटा करून सांगावा, ‘सहा, नऊ. बरोबर?’ आणि ‘हो’ आल्याशिवाय नोंद करू नये. त्या दिवशी या सूचनेला सगळ्यांनी मान डोलावली. आपल्या बोलीत वाढलेले कोणी तिथे नसते, तर ती सुचली नसती, एवढेच माझे म्हणणे.

हल्ली बॉटचे दोन प्रकार असतात. एक जुन्या पद्धतीचा, ज्यात प्रश्न, उत्तरे, बटणे सगळे आधी लिहून ठेवलेले असते. तो कंटाळवाणा असतो, पण काय बोलेल ते माहीत असते. दुसरा मोठ्या भाषा-मॉडेलवर चालणारा, जो स्वतः वाक्ये जुळवतो. तो गोड बोलतो, कुठल्याही विषयावर बोलतो आणि न माहीत असलेलेही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो. अमेरिकेत खाण्याच्या विकारांनी त्रस्त असलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेच्या ‘टेसा’ या बॉटचे २०२३ मध्ये काय झाले ते वाचण्यासारखे आहे. मुळात तो लिहून ठेवलेल्या उत्तरांवर चालायचा. चालवणाऱ्या कंपनीने त्यात स्वतः वाक्ये जुळवणारे तंत्र आणले, आणि जे लोक उपाशी राहण्याच्या आजारातून बाहेर पडू पाहत होते त्यांनाच तो कॅलरी कमी करण्याचे, वजन घटवण्याचे सल्ले देऊ लागला. बोभाटा झाल्यावर त्याला बंद करावे लागले.

माझे मत साधे आहे. पेशंट काय म्हणाला ते समजून घ्यायला मोठे मॉडेल वापरा. खालाच्या त्या मिश्र वाक्यातून १७५ वेचून काढायला तेच उपयोगी पडेल. पण उत्तर देताना, विशेषतः धोक्याच्या आकड्यावर, डॉक्टरांनी आधी लिहून मंजूर केलेले वाक्यच जायला हवे. तिथे नवे काही रचायची मुभा नको. गोळीच्या प्रमाणाबद्दल तर त्याने तोंडच उघडू नये. मसाइलबद्दलही नाही. ‘रोजा तुटला का, कजा किती, फिदया किती’ असे लोक विचारणारच, कारण ते अपरात्री विचारतील आणि समोर बॉटच असेल. तिथे त्याने आपल्या मसलकच्या आलिमांना विचारा म्हणून थांबावे. यंत्राकडून फतवे घ्यायची हौस आपल्यातल्या काहींना आहे. मला ती धोक्याची वाटते.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते. रमजानचा मुद्दा त्या मुलांना पटला तेव्हा त्यांनी लगेच तोडगा काढला. नोंदणीच्या पहिल्याच पानावर ‘धर्म’ असा खण टाकायचा. मुस्लीम निवडले की रमजानची व्यवस्था आपोआप सुरू. प्रोग्रॅमिंगच्या दृष्टीने अगदी नीटनेटके. मी नको म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटले. ‘पण ताई, तुम्हीच तर म्हणालात...’

आधी एक व्यवहाराची अडचण. मुस्लीम असणे आणि आज रोजा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी मनाई केलेला पेशंट रोजा ठेवत नाही. प्रवासातला ठेवत नाही. पाळीच्या दिवसांत बाई ठेवत नाही, आणि ‘आज रोजा का नाही?’ असे विचारून कारण नोंदवून घेणारा बॉट ज्या फोनवर असतो तो फोन घरात तिच्या दिराच्या, मुलाच्या हातातही असतो. हा प्रश्न आपल्या घरात कोणी माणूस विचारत नाही. यंत्राने विचारायचे कारण नाही.

उलट बाजूही आहे. उपवास आपण एकटेच करतो का? श्रावणी सोमवार आहेत, नवरात्राचे नऊ दिवस आहेत, पर्युषणात जैन शेजारी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. आणि एकादशी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याने शुगर खाली न जाता वर जाते. त्या पेशंटांचाही बॉट असाच गोंधळ करणार. मग आठवले भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग. रात्रपाळीचा कामगार सकाळी आठला घरी येऊन जेवतो आणि झोपतो. त्याचे ‘उपाशीपोटी’ संध्याकाळी असते, बाराही महिने. त्याच्यासाठी तर कोणी कधी वेगळे फीचर मागितलेलेही नाही.

म्हणून मी सुचवलेला प्रश्न असा होता: ‘उद्या तुमच्या जेवणाच्या वेळा नेहमीपेक्षा वेगळ्या असणार आहेत का? पहिले खाणे किती वाजता, शेवटचे किती वाजता?’ संपले. यात रोजा येतो, नवरात्र येते, रात्रपाळी येते, मुलीच्या लग्नाची धावपळही येते. शुगरला माणसाचा धर्म कळत नाही, तिला फक्त जेवणाची वेळ कळते. जे शुगरला लागत नाही ते विचारायचे कशाला?

आणि ‘धर्म’ हा खण नको म्हणण्यामागे एक भीती होती, ती मी त्यांच्यापासून लपवली नाही. ज्यांचा २०२० चा एप्रिल आपल्या मोहल्ल्यात गेला नाही, त्यांना ती अतिरेकी वाटू शकते. त्या दिवसांत सरकारी पत्रकार परिषदांत रुग्णांची मोजणी एका धार्मिक कार्यक्रमाशी जोडून सांगितली जात होती आणि टीव्हीवर एका आजाराला आपले नाव दिले जात होते. भाजीवाल्याला नाव विचारून हाकलल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी प्रकरणातील परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवण्यासाठी निवडले गेल्याची शक्यता निकालपत्रात नोंदवली. निकाल आला, पण त्याआधीच्या चार महिन्यांत लोक जे शिकले ते विसरले नाहीत. नाव, पत्ता, धर्म आणि आजार एकाच कागदावर आले की काय होऊ शकते, हे ते शिकले. त्याच सुमारास नागरिकत्वाच्या वादामुळे घरोघरी येणाऱ्या आरोग्य सर्वेक्षणालाही काही ठिकाणी दारे बंद झाली. त्यात नुकसान आपलेच झाले, हे खरे. पण दार बंद करणाऱ्या बाईला अडाणी म्हणून मोकळे होणारे लोक तिला एक प्रश्न विचारत नाहीत: हा कागद कोणाकडे जातो, हे तुला कोणी सांगितले होते का?

विश्वास मागून मिळत नाही. यादीच न केलेली बरी. जी यादी अस्तित्वात नाही ती चोरीला जात नाही, विकली जात नाही आणि उद्या सरकार किंवा मालक बदलला तरी तिचा दुसरा उपयोग होत नाही.

कायद्याचे थोडे सांगते. वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. २०१९ च्या मसुद्यात आरोग्य, धर्म, जात ही माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी ठेवलेली होती. झालेल्या कायद्यात हा वेगळा वर्ग नाही. ती उणीव आहे आणि तिच्याबद्दल नागरिक म्हणून बोलत राहायला हवे. पण काही गोष्टी हातात आल्या आहेत. संमती घेताना दिली जाणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी आणि उर्दू दोन्ही त्यात आहेत. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. माहिती पुसून टाकायला सांगता येते. म्हणजे उद्या अम्मीच्या फोनवर असा बॉट आला, तर ‘मी सहमत आहे’ हे बटण तिच्या वतीने दाबण्याआधी मराठीत किंवा उर्दूत सूचना मागा. मिळाली नाही तर थांबा.

गुपिताचा प्रश्न घराच्या आतही आहे. टाइप-१ मधुमेह अनेकदा लहान वयात होतो, आणि मुलगी असेल तर घरचे तो दडवतात. रिश्ता यायचा असतो. इन्शुलिनची सुई बाथरूममध्ये घेतली जाते. अशा मुलीच्या फोनवर पाहुण्यांसमोर ‘इन्शुलिन घेतलेत का?’ अशी पट्टी झळकली, तर ती त्या रात्रीच बॉट काढून टाकेल आणि त्याबरोबर नोंदही जाईल. लपवणे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. आपल्या समाजात यावर मोठी चर्चा व्हायला हवी आणि आपण ती करूच. पण ती लढाई एका सतरा वर्षांच्या मुलीच्या फोनच्या पडद्यावर लढायची नाही. आठवणीच्या ओळीत आजाराचे नाव नको, फक्त ‘एक संदेश आहे’ एवढे पुरते. बाकी कुलपाच्या आत. हे प्रोग्रॅमरला दहा मिनिटांचे काम आहे.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्यात, नवी मुंबईत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. काहीजण फार्मसी, नर्सिंग, बीयूएमएस करत आहेत. काही मुली आशाताईंसोबत वस्तीत फिरतात. अशा बॉटची चाचणी घ्यायला कंपन्या, संस्था, महाविद्यालये माणसे शोधत असतात. बोलावले तर जा, नाही बोलावले तरी विचारा. फक्त ‘आमच्या समाजासाठी वेगळे काही द्या’ अशी मागणी घेऊन जाऊ नका. प्रश्न बदलून घ्या, म्हणजे तो यंत्रमागाच्या कामगारालाही लागू पडेल आणि नवरात्र करणाऱ्या शेजारच्या काकूंनाही. घरात नानी-दादी शुगरबद्दल काय शब्द वापरतात ते ऐका. ‘चक्कर’, ‘आंखों के आगे अंधेरा’, ‘हातपाय गळाले’, ‘जीव घाबरा झाला’, ‘पसीना छूट गया’. शुगर खाली गेल्याची ही सगळी लक्षणे आहेत आणि बॉटच्या यादीत बहुधा यातले एकच असते. नावे न लिहिता हे शब्द गोळा करा.

शेवटी एक काम देते. समजा संध्याकाळचे पाच वीस झाले आहेत, इफ्तारला सव्वा तास आहे, आणि मशीनवर ६६ आले आहेत. आपल्या घरातली बाई म्हणणार, ‘आता थोडेच राहिले, एवढा वेळ काढते.’ नेमका हाच तास धोक्याचा. बॉटच्या हातात एक संदेश आहे. त्यात उपदेश बसत नाही, आकडेवारी बसत नाही. मी लिहून दिलेले वाक्य असे: ‘शुगर ६६ आहे, ही कमी आहे. रोजा किंवा उपवास असेल तर आत्ताच सोडा, त्याचे पुढे बघता येईल. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. घरात कोण आहे त्यांना हाक मारा आणि जवळ बसवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचून आकडा सांगा. बरे वाटत नसेल, बोलता येत नसेल तर जवळच्या माणसाने १०८ला फोन करावा.’

मला हे वाक्य अजून लांब वाटते, आणि ‘त्याचे पुढे बघता येईल’ हे माझ्या खालाला पटेल की नाही याची खात्री नाही. तुमच्या घरात ज्यांना शुगर आहे त्यांना हे वाचून दाखवा. त्या कुठे अडल्या, काय म्हणाल्या आणि कुठल्या शब्दाला रोजा सोडायला तयार झाल्या, ते त्यांच्याच बोलीत, त्यांचे नाव न घालता, आम्हाला लिहून पाठवा. शाबानच्या आधी पोचले पाहिजे.